चेतक जुनं म्हणून नाक मुरडू नकोस

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

हेलिकॉप्टर चालवायला शिकण्यासाठी नाशिकला जायचा हुकूम आला हे वाचून फार आनंद झाला. पण तुझी ती एक ओळ मनात सलतेय: 'रुद्र आणि प्रचंडसारख्या नव्या लढाऊ हेलिकॉप्टरांच्या जमान्यात जुन्या चेतक हेलिकॉप्टरवर कशाला शिकायचं?'

आधी आपलं घराणं ओळख. आर्मी एव्हिएशनचे, म्हणजे भूदलाच्या हवाई शाखेचे, वैमानिक मूळचे तोफखान्यातले. गोळा कुठे पडला ते वरून पाहून तोफेला सांगायचं, हे एअर ओपीचं, म्हणजे हवेतल्या निरीक्षण चौकीचं, काम. १ नोव्हेंबर १९८६ ला या शाखेची स्वतंत्र कोअर (दल) झाली आणि २००३ मध्ये नाशिकच्या गांधीनगर तळावर 'कॅट्स', म्हणजे तिच्या वैमानिकांची प्रशिक्षण शाळा, उभं राहिलं. तोफखान्याचं शिक्षण जिथे होतं ती देवळाली तिथून हाकेच्या अंतरावर. २०२२ मध्ये कॅप्टन अभिलाषा बराक सैन्याच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक झाल्या, त्याही इथेच शिकून.

आता चेतक. एकच इंजिन, तीन पाती, आणि तुझी चूक झाकायला कुणी नाही. हॉवर करताना, म्हणजे हवेत एका जागी थांबताना, कलेक्टिव्ह (वर-खाली नेणारा दांडा) उचललास की नाक डावीकडे पळणार. नाक वळवणारं उजवं पेडल देईपर्यंत यंत्र बाजूला सरकलेलं असणार, ते सायक्लिकने (पुढे-मागे, डावी-उजवीकडे नेणाऱ्या दांड्याने) सावरेपर्यंत उंची गेलेली. मूठ आवळशील तेवढं ते जास्त डोलेल. मी कितीतरी दिवस झगडलो. शेवटी उस्ताद म्हणाले, 'दोन बोटं पुरेत, नजर त्या लांबच्या झाडावर ठेव.' नजर लांब गेली आणि यंत्र जागच्या जागी थांबलं!

ऑटोरोटेशनचा, म्हणजे इंजिनाविना उतरण्याचा, सराव मात्र कंटाळा न करता माग. इंजिन गेलं की कलेक्टिव्ह ताबडतोब खाली. मग खालून येणारी हवाच पाती फिरवत ठेवते. जमिनीजवळ नाक उचलून वेग कमी करायचा आणि पात्यांत उरलेली ताकद अगदी शेवटी, एकदाच खर्चायची. घाई केलीस तर ती वरच संपते.

चेतकचंच इंजिन असलेलं चीता हेलिकॉप्टर १९८४ पासून सियाचिनच्या चौक्यांना रसद पोहोचवतंय, आजारी जवान खाली आणतंय. तिथे हवा इतकी विरळ की हाताशी जादा ताकद उरतच नाही. बर्फातल्या त्या इवल्याशा हेलिपॅडवर स्ट्रेचरवरचा जवान तुझ्या पंख्याचा आवाज ऐकत पडलेला असेल. त्याच्यासाठी हे शीक.

सोलो, म्हणजे पहिलं एकट्याचं उड्डाण, झाला की लगेच कळव. वारा कुठून होता आणि हॉवरमध्ये किती सरकलास, तेही लिही.

तुझा,
काका