वाइन झाकून चाखताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न (फोंडा) : आम्ही सहाजण महिन्यातून एकदा जमतो आणि बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून वाइन चाखतो. पण एकाने नाव घेतलं की बाकीचे त्याचीच री ओढतात. जीभ खरोखर तयार व्हावी म्हणून काय बदलावं?

उत्तर : गुंडाळलेली बाटलीसुद्धा चुगली करते. लाल कॅबरने सॉव्हिन्यों बहुधा ताठ खांद्यांच्या बाटलीत असते, पांढरी शार्दोने उतरत्या खांद्यांच्या. फिरकीचं झाकण असेल तर मानेवरचे आटे कागदातूनही कळतात. म्हणून एकाने आत जाऊन वाइन पाण्याच्या एकसारख्या जगांत ओतावी आणि जगाच्या बुडाला नावाची चिठ्ठी चिकटवावी. दुसऱ्याने ते जग मागेपुढे करून त्यांवर अ, ब लिहावं. आता कुठल्या जगात काय आहे हे दोघांनाही ठाऊक नसतं. चाखताना प्रत्येकाने आधी लिहायचं, मग बोलायचं. एवढा एक नियम पाळला तरी री ओढणं थांबतं.

पण नाव ओळखण्याचा नाद सोडलात तर प्रगती जास्त होईल. सहा भलत्याच बाटल्या एकत्र आणल्या की फरक कशामुळे पडला ते कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला : एकाच कंपनीच्या नाशिकच्या दोन पांढऱ्या वाइन, सॉव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां, किंवा ओकच्या पिंपात मुरवलेली आणि न मुरवलेली लाल शिराझ. मग त्रिकोणी चाचणी घ्या. प्रत्येकासमोर तीन ग्लास, दोन सारखे, एक वेगळा. वेगळा कोणता ते सांगायचं. तिघांना ‘अ-अ-ब’ द्या, तिघांना ‘अ-ब-ब’, आणि वेगळ्या ग्लासची जागा प्रत्येकासाठी बदला. ग्लासमागे ४० मिली ओतलं तर सहा जणांना प्रत्येक वाइन ३६० मिली लागते, म्हणजे ७५० मिलीची निम्मी बाटली. एकसारखे अठरा ग्लास नसतील तर तिघातिघांच्या दोन पंगती करा. सहापैकी दोघं नुसत्या अंदाजानेही बरोबर येतात. पाच जणांना ओळखता आलं तरच तो फरक खरा धरावा.

रंगही फसवतो. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या बोर्डो इथल्या एका प्रयोगात पांढऱ्या वाइनला बेमालूम लाल रंग दिला होता, तेव्हा वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांनी तिच्या वासाचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. घरी करायचं तर दिवे मंद करा किंवा ग्लासला बाहेरून फॉइल लावा. स्टीलचे पेले नकोत. त्यांचं तोंड रुंद, वास उडून जातो.

प्रश्न (म्हापसा) : लाल वाइन खोलीच्या तापमानाला चाखावी म्हणतात, पण आमच्याकडे सगळ्या लाल वाइन सारख्याच तिखट लागतात.

उत्तर : ती खोली युरोपातली. लाल वाइनला १६ ते १८ अंश सेल्सियस हवेत. एप्रिलमध्ये आपल्याकडे हॉलमध्ये तीसच्या वर असतं. तेवढ्या उष्णतेत अल्कोहोल आधी नाकात चढतो आणि फळांचा वास त्याखाली दबतो. लाल बाटली पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवा. पांढरी उलट फ्रिजमधून दहा-पंधरा मिनिटं आधी काढा, ८ ते १० अंशांवर ती बोलू लागते. ४० मिली वाइन ग्लासात झपाट्याने तापते, तेव्हा ओतल्यावर गप्पा नकोत. आणि तुलनेतल्या दोन्ही वाइन एकाच तापमानाच्या हव्यात, नाहीतर तुम्ही फक्त थंडगरम ओळखत बसाल.

त्या दिवशी मासे तळणं, डासांची कॉइल, अगरबत्ती, मोगऱ्याचा गजरा, अत्तर सगळं बंद. लाकडी कपाटात पालथे ठेवलेले ग्लास हटकून कपाटाचा वास देतात. नुसत्या गरम पाण्याने धुऊन घ्या. मध्ये खायला साधा पाव किंवा पोयी पुरे. चीज ठेवू नका, ते तुरटपणा लपवतं. आणि दुकानात उन्हात मांडलेली बाटली घेऊ नका : बूच वर सरकलेलं, मान चिकट आणि चव शिजवलेल्या जॅमची, तर वाइन उष्णतेने गेली.

प्रश्न (डिचोली) : वर्णनांत ब्लॅककरंट, गूजबेरी असतं. आम्ही ती फळं पाहिलीही नाहीत.

उत्तर : मग ती लिहूच नका. वाट्यांत चिरलेला पेरू, हिरवी ढोबळी मिरची, जांभूळ, करवंद, कुटलेली काळी मिरी झाकून ठेवा आणि वाइनशी आलटून पालटून हुंगा. ढोबळी मिरचीचा वास सॉव्हिन्यों ब्लांमध्येही असतो, कारण दोन्हींत पायराझिन गटाची द्रव्यं आहेत. मिरीला वास देणारं रोटंडोन हे द्रव्य शिराझमध्येही असतं; सुमारे पाचातल्या एकाला ते जाणवतच नाही, तेव्हा त्यावरून वाद घालू नका.

जिभेसाठी साध्या पांढऱ्या वाइनच्या एका बाटलीचे चार सारखे भाग करा. एक तसाच ठेवा, दुसऱ्यात लिंबूसत्त्वाची चिमूट, तिसऱ्यात अर्धा चमचा साखर, चौथ्यात दोन चमचे कडक, गार कोरा चहा. आंबटाने जिभेच्या कडांना पाणी सुटतं, चहातल्या टॅनिनने, म्हणजे तुरट द्रव्याने, हिरड्या खरखरीत होतात. नवखे या दोन्हींना सरसकट ‘आंबट’ म्हणतात, तिथेच गाडी अडते. गोड पोर्ट वाइन चाखायची असेल तर अगदी शेवटी; तिच्यानंतरची कोरडी वाइन विनाकारण आंबट लागते.

प्रश्न (मडगाव) : थुंकणं वाईट दिसतं. गिळलं तर चालेल?

उत्तर : हिशेब करा. ५० मिलीचे सहा ग्लास म्हणजे ३०० मिली, १३ टक्क्यांनी ३९ मिली शुद्ध अल्कोहोल. वाहन चालवताना कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल आहे; एवढं गिळलं तर ती सहज ओलांडली जाऊ शकते. शिवाय तिसऱ्या ग्लासनंतर जीभ बोथट होते, म्हणजे चाखण्याचा हेतूच संपतो. प्रत्येकाला थुंकायला आपला एक अपारदर्शक मग द्या, लाज वाटत नाही. थुंकूनही थोडा अल्कोहोल अंगात जातोच, म्हणून ज्याला गाडी चालवायची आहे त्याने चाखू नये. जग भरणं आणि चिठ्ठ्या चिकटवणं त्याच्याकडे द्या.