उभ्या पाइपमधून पावडर हवेने वर नेताना हवेचा वेग कमी केल्यावर प्रवाह अचानक का बिघडतो?

हवेचा वेग एका मर्यादेखाली गेला, की ती दिलेल्या प्रमाणातील कण विरळ प्रवाहात, म्हणजे हवेत सुटे-सुटे पसरलेल्या अवस्थेत, वर नेऊ शकत नाही, कण पाइपमध्ये साचतात आणि प्रवाह धक्के देत चालू लागतो. या अवस्थेला चोकिंग म्हणतात. याचे कारण दाबाच्या हिशेबात आहे. जास्त वेगाला दाबाचा मोठा भाग भिंतीशी होणाऱ्या घर्षणात खर्च होतो, म्हणून वेग कमी केल्यावर सुरुवातीला लागणारा दाबही कमी होतो. पण कण हळू चढू लागल्याने पाइपमधील त्यांचे प्रमाण वाढत जाते आणि दाब सर्वात कमी असतो त्या बिंदूनंतर वेग आणखी घटवल्यास त्यांचे वजन पेलण्यासाठी लागणारा दाब झपाट्याने वाढतो. सेंट्रिफ्यूगल ब्लोअर (फिरत्या पात्यांनी हवा बाहेर फेकणारा पंखा) असल्यास वाढत्या दाबापुढे त्याची हवा आणखी घटते आणि बिघाड स्वतःच वाढत जातो, म्हणून पाइपाच्या व्यासाइतकेच लक्ष ब्लोअरच्या दाब-प्रवाह आलेखाकडे (किती दाबाला तो किती हवा देतो ते दाखवणाऱ्या) द्यायला हवे, असे माझे ठाम मत आहे. मात्र प्रत्येक पावडर अशी वागत नाही: बारीक कण रुंद पाइपमध्ये कोणताही मोठा धक्का न देता दाट प्रवाहात जाऊ शकतात.