ऑफिसच्या जिन्यातला धूर आणि पोटातलं बाळ

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. सातवा महिना लागलाय, सोनोग्राफीत बाळाचं वजन जरा कमी आलंय, ऑफिसच्या जिन्यात दिवसभर सिगारेटी चालू असतात आणि सगळे म्हणतात, "कायदा कागदावरच असतो." बंदीने बाळाला खरंच काही फरक पडतो की मी उगाच भांडतेय, असं तुम्ही विचारलंय. पुण्यातल्या माझ्या ऑफिसात अगदी हेच चाललं होतं.

मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. वजन कमी भरायला बीपी, अशक्तपणा, वारेचा रक्तपुरवठा अशी बरीच कारणं असतात, ती डॉक्टरांकडून नीट तपासून घ्याच. धूर वाईट का, हे तुम्हाला ठाऊक आहे, त्यात शिरत नाही.

फरक पडतो, आणि तो मोजलेला आहे. स्कॉटलंडमध्ये २६ मार्च २००६ पासून बंदिस्त सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी आली. ग्लासगोच्या संशोधकांनी तिथले सात लाखांवर जन्म तपासले. मुदतीआधी होणारी बाळंतपणं दहा टक्क्यांहून जास्त घटली होती. कधीच सिगारेट न ओढलेल्या बायकांमध्येही घट होती, आणि माझ्या मते आपल्यासाठी महत्त्वाचं तेच आहे. बेल्जियममध्ये बंदी टप्प्याटप्प्याने आली: २००६ मध्ये कामाच्या जागा, २००७ मध्ये रेस्टॉरंटं, २०१० मध्ये खाणं मिळणारे बार. बंदीआधी तिथे घट दिसत नव्हती, ती या टप्प्यांबरोबर सुरू झाली. २०१४ मध्ये 'लॅन्सेट'ने अशा अकरा अभ्यासांचा, पंचवीस लाख जन्मांचा, एकत्रित आढावा छापला, त्यातही घट दहा टक्क्यांच्या आसपासच निघाली. "बाहेर बंदी केली की लोक घरात ओढतात" असंही तुम्हाला ऐकवतील. स्कॉटलंडमध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांची लाळ तपासली, तर बंदीनंतर त्यातली धुराची खूण (शरीरात गेलेल्या निकोटिनचा अंश) सुमारे ३९ टक्क्यांनी उतरली होती, म्हणजे मुलांच्या वाट्याचा धूर वाढला नाही, घटला.

आता माझ्या ऑफिसचं. नाव घेत नाही. आमच्या अ‍ॅडमिनने जिन्याच्या लँडिंगवर दोन खुर्च्या आणि उभा अ‍ॅशट्रे ठेवून वर 'स्मोकिंग झोन' अशी पाटी लावली होती. मला तिसरा महिना असताना मी एचआरला लेखी कळवलं. उत्तर आलं की ओढणारेही आपलेच कर्मचारी आहेत, त्यांचीही सोय पाहावी लागते, तुमची जागा बदलून देतो. जागा बदलली. जिन्याचं दार सतत उघडं राहायचं, त्यामुळे वास नव्या जागेवरही यायचाच. पुन्हा मेल केली तर "पॉलिसी टीमकडे पाठवलंय." मग "मॅनेजरशी बोला." मॅनेजर म्हणाले, "थोडेच महिने राहिलेत, अ‍ॅडजस्ट करा." पोलीस चौकीत "ऑफिसची अंतर्गत बाब" म्हणून परत पाठवलं. माझं सगळं गरोदरपण या फेऱ्यांत गेलं, आणि ते थोडेच महिने तर बाळाचे होते! अजून आठवलं की संताप होतो.

मुलगी छत्तिसाव्या आठवड्यात झाली, २.१ किलोची. धुरामुळेच झालं असं मी म्हणणार नाही. एका बाळाबाबत तसं कुणालाच सांगता येत नाही, लाखो जन्म एकत्र मांडले की मगच ते दिसतं. पण म्हणूनच एचआरच्या "सिगारेटमुळेच होतंय याचा पुरावा काय?" या प्रश्नात अडकू नका. पुरावा तुम्ही द्यायचा नाही. कायदा मोडलाय एवढंच दाखवायचं.

तो असा. २ ऑक्टोबर २००८ पासून आपल्याकडे कामाच्या जागाही सार्वजनिक जागांत धरल्या जातात. वेगळी स्मोकिंग रूम करायची मुभा फक्त तीस किंवा जास्त खोल्यांची हॉटेलं, तीस किंवा जास्त लोक बसतील अशी रेस्टॉरंटं आणि विमानतळ यांनाच आहे. ऑफिसला नाहीच. बंदी असलेल्या जागी अ‍ॅशट्रे ठेवणंही चालत नाही. मनाईची पाटी प्रत्येक मजल्यावर, जिन्यात आणि लिफ्टपाशी हवी, तक्रार कुणाकडे करायची त्याचं नावही लावलेलं हवं. त्या माणसाने तक्रार दाबली तर जितके गुन्हे तितका दंड मालकाला. आणि खासगी ऑफिसात दंड करायचा अधिकार नियमांनी ज्यांना दिलाय त्यांत एचआर मॅनेजर आणि प्रशासन प्रमुख येतात. म्हणजे मला "अ‍ॅडजस्ट करा" म्हणणाऱ्यांच्याच हातात पावती पुस्तक असायला हवं होतं. दंड फक्त दोनशे रुपयांपर्यंतचा आहे, त्याला कुणी घाबरत नाही. मालकाच्या नावाने लेखी नोंद होणं मात्र कुणालाच नको असतं.

त्यामुळे माझं स्पष्ट मत: जागा बदलून घेऊन गप्प बसू नका. तात्पुरती घ्या, पण त्याच मेलमध्ये लिहा की तक्रार मिटलेली नाही. विनंतीच्या सुरात लिहू नका. इमारतीच्या मालकाला प्रत ठेवा. नोकरी कच्ची असेल तर आधी स्वतःला सांभाळा, डॉक्टरांची चिठ्ठी जोडून घरून काम मागा. माझं ऐकून धोका पत्करू नका.

आमची ती पाटी शेवटी उतरली ती फायर ऑडिटमुळे. महाराष्ट्रात इमारतींना आगीच्या यंत्रणेचं प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. तपासणीला आलेल्या माणसाने सुटकेच्या जिन्यात खुर्च्या आणि थोटकं पाहिली, आणि दुसऱ्या दिवशी सगळं गायब! तोवर माझी मुलगी रांगायला लागली होती. तुमचा जिनाही सुटकेचा असेल तर हा मुद्दा पहिल्याच मेलमध्ये घाला.

अजून एक, तुम्ही पोस्टमध्ये ओझरतं लिहिलंय म्हणून. सासूबाई मिश्री लावतात आणि मळमळ थांबते म्हणून तुम्हीही कधीतरी लावता. ती आजच बंद करा. धूर नसला तरी ती तंबाखूच आहे, आणि धूम्रपानबंदीत ती येत नाही. मुंबईतल्या बायकांच्या अभ्यासात, २००४ मध्ये तो छापून आला, तोंडातली तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं होतं. डॉक्टरांपासून लपवू नका, डॉक्टर ओरडल्या तरी सांगा. सोडणं जड गेलं तर १८००-११-२३५६ ही सरकारी मोफत हेल्पलाइन आहे. आणि सासूबाईंशी हा विषय तुमच्या नवऱ्यालाच काढू दे, सातव्या महिन्यात ते ओझं तुम्ही घेऊ नका.