सिंक्लेअरचा जुना होम कॉम्प्युटर स्पेक्ट्रम प्लस मिळतोय, 'चालू करून बघितलेला नाही' म्हणतात, घ्यावा का?

घ्या की! पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीने १९८८ च्या सुमारास लायसन्स घेऊन हाच स्पेक्ट्रम प्लस आपल्याकडे आणला होता, त्यामुळे तसा पीस असेल तर अजिबात सोडू नका. फक्त भाव बंद मशीनचाच द्या.

आणि घरी आणल्याआणल्या प्लग लावू नका प्लीज. याला ९ व्होल्ट डीसी लागतो पण पिनच्या आत निगेटिव्ह आणि बाहेर पॉझिटिव्ह, आजकालचे बहुतेक अडॅप्टर बरोब्बर उलटे असतात, तेव्हा आधी मल्टिमीटर लावून बघा. मग खालच्या १६ के रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या पहिल्या भागाच्या, ४११६ नंबरच्या चिप्स तपासा, त्यांना तीन व्होल्टेज लागतात, १ नंबर पिनवर उणे ५, ८ वर १२ आणि ९ वर ५. यातलं उणे ५ गेलं तर चिप्स जळतात, आणि ते बऱ्याचदा बोर्डावरचा टीआर४ ट्रान्झिस्टर गेल्यामुळे जातं. कपॅसिटर चाळीस वर्षांचे झालेत, सगळे बदलून टाकाच.

उघडताना वरचं झाकण खसकन ओढू नका, कीबोर्डच्या मेंब्रेनच्या (बटणांखालच्या प्लास्टिकच्या पडद्याच्या) पातळ पट्ट्या बोर्डात खोचलेल्या असतात, त्या वाळून पापडासारख्या झालेल्या असतात, जरा ओढलं की कडकन तुटतात. तुटल्या तरी नवी मेंब्रेन ऑनलाइन मिळते.

टीव्हीच्या पडद्यावर काळ्या अक्षरात १९८२ ची सिंक्लेअरची कॉपीराइटची ओळ खाली उमटली की झालं, गेम कॅसेटसारखे आवाजावरूनच लोड होतात, तेव्हा मोबाइलच्या हेडफोन जॅकमधून मशीनच्या 'इअर' सॉकेटला वायर लावली की काम होतं, आवाज मात्र फुल ठेवा.