निकालानंतरच्या अधिवेशनात खरंच काही होत नाही का?

प्रश्न : नमस्कार ताई, २०१० च्या निवडणुकीत ओबामांच्या पक्षाला मार बसला तेव्हा मी अमेरिकेत लेकाकडे होतो. टीव्हीवरचे एक्सपर्ट रोज सांगायचे की आता डिसेंबरभर संसदेत काहीच होणार नाही. झालं उलटंच. एवढी जाणकार माणसं कशी चुकतात?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : काका, ते सीटा मोजतात आणि तारखा बघत नाहीत, माझं तरी हेच ठाम मत आहे. विरोधी रिपब्लिकन पक्षाच्या प्रतिनिधीगृहात, म्हणजे तिथल्या खालच्या सभागृहात, ६३ जागा वाढल्या हे खरंच, पण नवे लोक जानेवारीत बसणार होते, तोवर बहुमत जुन्यांचंच. त्यात बुश यांच्या काळातली टॅक्सकपात ३१ डिसेंबरला संपत होती, म्हणजे गप्प बसलं तर नव्या वर्षात सगळ्यांचा टॅक्स वाढणार आणि ते दोघांनाही परवडणारं नव्हतं. सिनेट म्हणजे तिथलं १०० जणांचं वरचं सभागृह, तिथे बहुतेक बिलं पुढे न्यायला ६० मतं लागतात, म्हणून अल्पमतातले लोकही अडवू शकतात. तिथल्या सगळ्या ४२ रिपब्लिकनांनी पत्र दिलं की टॅक्स आणि सरकारी खर्चाचं मिटेपर्यंत दुसरं काही पुढे सरकू देणार नाही. याचा अर्थ लोकांनी सगळं ठप्प असा काढला, पण काय केलं की वाट मोकळी होईल तेही त्यातच होतं ना! ६ डिसेंबरला ओबामांनी दोन वर्षांच्या मुदतवाढीची तडजोड जाहीर केली, १७ ला सही झाली.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो समलिंगी सैनिकांना ओळख लपवायला लावणारा कायदा. ९ डिसेंबरला तो काढायचा प्रयत्न सिनेटमध्ये अडला, ६० मतं हवी होती आणि मिळाली ५७, झालं, विषय संपला असंच वाटावं. पण लिबरमन आणि कॉलिन्स या दोन सिनेटरांनी तो विषय संरक्षण विधेयकातून बाहेर काढून वेगळं बिल आणलं आणि १८ तारखेला ते ६५ विरुद्ध ३१ ने पास! नऊ दिवसांत! रशियाबरोबरच्या अण्वस्त्र कराराला तर दोनतृतीयांश मतं लागत होती, तोही २२ ला ७१ विरुद्ध २६ ने मंजूर झाला.

सगळंच जमलं असं मात्र नाही. लहानपणी आईबापांबरोबर बेकायदा आलेल्या मुलांना कायदेशीर दर्जा देणारं ड्रीम ॲक्ट त्याच १८ तारखेला ५५ मतांवर अडकलं. पाच मतं कमी पडली आणि त्या मुलांची वर्षानुवर्षं गेली, याचं मला अजूनही वाईट वाटतं.

प्रश्न : आपल्याकडे असं होतं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्याकडे निकालानंतर जुनी लोकसभा बसत नाही, त्यामुळे जी काय धावपळ होते ती निवडणुकीआधीच्या शेवटच्या अधिवेशनात. १३ फेब्रुवारी २०१४ ला वेगळ्या तेलंगणा राज्याच्या बिलावरून लोकसभेत मिरचीचा स्प्रे मारला गेला, सभागृह रिकामं करावं लागलं, तेव्हा हे बिल आता पुढच्या सरकारवर ढकलणार असंच कोणालाही वाटलं असतं, पण १८ ला लोकसभेत आणि २० ला राज्यसभेत पास झालंसुद्धा. पाच वर्षांनी नागरिकत्व दुरुस्ती विधेयकाचं नेमकं उलट झालं, जानेवारी २०१९ मध्ये लोकसभेत पास आणि राज्यसभेत आलंच नाही म्हणून रद्द.

कारण लोकसभा विसर्जित झाली की तिच्यात अडकलेली आणि तिने पास करून राज्यसभेत पडलेली बिलं संपतात. महिला आरक्षणाचं बिल राज्यसभेने २०१० मध्येच पास केलं होतं, पण लोकसभेत तसंच पडून राहिलं आणि २०१४ ला गेलं, मग नव्याने यायला थेट २०२३ उजाडलं.