आल्डीचे अल्ब्रेख्त बंधू आणि त्यांची वाटणी

आल्डी या जर्मन दुकानसाखळीचा संस्थापक कोण, त्याचे आयुष्य कसे गेले आणि त्याच्या पश्चात घरात काय झाले, असे आपण विचारले आहे. मी बरीच वर्षे जर्मनीच्या रूर भागात राहतो आणि घरचा किराणा बहुतेक आल्डीतूनच आणतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

संस्थापक म्हणून कार्ल आणि थिओ अल्ब्रेख्त या भावांची नावे घेतली जातात, पण दुकान मुळात त्यांच्या आईचे. एसेन शहरातल्या शोनेबेक या खाणकामगारांच्या वस्तीत आना अल्ब्रेख्त यांचे छोटे किराणा दुकान होते आणि कंपनी आपला आरंभ १९१३ पासून मोजते. थोरले कार्ल १९२० चे, धाकटे थिओ १९२२ चे. थिओ आईच्याच हाताखाली दुकानदारी शिकले. महायुद्धात दोघेही सैन्यात होते. परतल्यावर, १९४६ मध्ये, त्यांनी दुकान ताब्यात घेतले.

त्या काळी जर्मन दुकानदार खरेदीवर सवलतीची तिकिटे देत. गिऱ्हाइकाने ती वहीत चिकटवायची आणि वही भरली की पैसे परत मागायचे. कायद्याने ही सूट ३ टक्क्यांपर्यंतच देता येई. अल्ब्रेख्त बंधूंनी तिकिटांचा हा खटाटोपच ठेवला नाही आणि तेवढी रक्कम किमतीतूनच आधी वजा करून टाकली. सजावटीवर खर्च नाही, मोजकाच माल ठेवायचा आणि जो खपत नाही तो फळीवरून काढायचा, एवढ्यावर १९६० पर्यंत त्यांची सुमारे ३०० दुकाने झाली. आजही माल खोक्यांसकट मांडलेला असतो. पुड्यावर बारकोड एकापेक्षा जास्त बाजूंना छापलेला असल्याने गल्ल्यावरच्या बाईंना तो फिरवून पाहावा लागत नाही, आणि त्या ज्या झपाट्याने वस्तू पुढे सरकवतात, त्या वेगाने पिशवी भरणे मला इतक्या वर्षांतही जमलेले नाही.

१९६१ च्या सुमारास भावांची वाटणी झाली, आणि सर्वत्र सांगितले जाणारे कारण म्हणजे सिगारेटी. थिओ यांना त्या विकायच्या होत्या. कार्ल यांच्या मते त्यामुळे दुकानात चोऱ्या वाढल्या असत्या. उत्तरेकडची दुकाने थिओ यांच्याकडे आली आणि दक्षिणेकडची कार्ल यांच्याकडे. पुढे परदेशही त्यांनी असेच वाटून घेतले: फ्रान्स, बेल्जियम आणि नेदरलँड्स उत्तर आल्डीकडे, ब्रिटन, आयर्लंड आणि ऑस्ट्रेलिया दक्षिण आल्डीकडे. अमेरिकेत मात्र दोघेही आहेत, कारण तिथली आल्डी दक्षिणेची असली तरी ट्रेडर जोज ही साखळी थिओ यांनी १९७९ मध्ये घेतली. आपल्याकडे भाऊबंदकी म्हटली की कोर्टकचेरी आलीच. इथे वाटणीनंतरही दोन्ही घरांचे सहकार्य राहिले, हे मला या कथेतले सर्वांत दुर्मीळ वाटते. बाकी, सिगारेटी आता दोन्हीकडे मिळतात.

१९७१ च्या नोव्हेंबरात थिओ यांचे अपहरण झाले. त्यांचा पेहराव इतका साधा होता की अपहरणकर्त्यांनी खात्रीसाठी ओळखपत्र मागितले, अशी हकीकत सांगतात. १७ दिवसांनी, ७० लाख मार्क खंडणी देऊन, त्यांची सुटका झाली; पैसे एसेनच्या बिशपांनी नेऊन दिले. नंतर ही खंडणी धंद्याचा खर्च धरून करातून वजा व्हावी, यासाठी थिओ यांनी प्रयत्न केला, आणि मला तरी त्यात तिकिटांचे ३ टक्के आधीच वजा करणारा दुकानदार दिसतो. या प्रसंगानंतर भाऊ लोकांपुढे जवळजवळ आलेच नाहीत. थिओ २०१० मध्ये वारले, कार्ल २०१४ मध्ये, आणि दोन्ही वेळा बातमी दफनविधी उरकल्यावर बाहेर आली.

वारशाचे म्हणाल तर दोघांनीही संपत्ती थेट मुलांच्या नावे न ठेवता कौटुंबिक प्रतिष्ठानांत ठेवली. कार्ल यांच्या मुख्य प्रतिष्ठानाला आईच्या माहेरचे आडनाव आहे, सीपमान. थिओ यांच्या बाजूला मार्कुस, लुकास आणि याकोबुस अशी तीन प्रतिष्ठाने असून मोठ्या निर्णयांना तिन्हींची संमती लागेल अशी व्यवस्था केलेली होती. त्यामुळे वारसांना उत्पन्न मिळते, पण आपला हिस्सा बाजारात विकून मोकळे होता येत नाही. भावांनी टाळलेले भांडण मात्र पुढच्या पिढीत झालेच. थिओ यांचे पुत्र बेर्टोल्ड २०१२ मध्ये वारले. त्याआधी त्यांनी याकोबुसच्या नियमांत केलेल्या बदलामुळे त्यांच्या पत्नी-मुलांचा कारभारातला शब्द कमी होत होता, आणि त्यावरून खटला चालला. २०१७ मध्ये श्लेस्विगच्या न्यायालयाने तो बदल वैध ठरवला.