राज्य पातळीवर हॉकी खेळलोय, बीपीएड (शारीरिक शिक्षणाची पदवी) चालू आहे, राहतो ठाण्यात. विद्यापीठाच्या संघाचा कोच व्हायला काय करावं लागेल?

मीही हॉकी खेळायचो, हाफला म्हणजे मधल्या फळीत. गुडघ्याने दगा दिला आणि खेळ सुटला. सध्या नवी मुंबईतल्या एका खासगी विद्यापीठाच्या मुलांच्या संघाचा कोच आहे, म्हणून सांगतो.

आधी एक घोळ मिटवू. विद्यापीठात कायमची नोकरी असते ती शारीरिक शिक्षण विभागात. सहायक संचालक व्हायचं तर यूजीसीच्या नियमाप्रमाणे शारीरिक शिक्षणात मास्टर्स, ५५ टक्के, नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, शिवाय आंतरविद्यापीठ किंवा राज्य पातळीवर खेळल्याचा दाखला. म्हणजे तुमची सर्टिफिकेटं जपून ठेवा, इथेच कामी येतात. पण त्या खुर्चीतला माणूस कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळ्यांच्या एंट्र्या भरत बसतो. हॉकीचा कोच बहुतेक ठिकाणी मानधनावर, सीझनपुरता. मी सकाळी शाळेत पीटी घेतो, घर त्यावर चालतं. हे लग्नाआधी घरच्यांना सांगून ठेवलेलं बरं.

कोचिंगचा कागद वेगळा. पतियाळाच्या एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, डिप्लोमा एक वर्षाचा, तेवढी सवड नसेल तर सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स. हॉकी इंडियाचे कोर्स वेगळे, बेसिक करून मग लेव्हल वन. इंडिया खेळला नाहीत म्हणून खट्टू होऊ नका. आपल्या मुंबईचे मर्झबान पटेल, मैदानावरचे ‘बावा’, देशाकडून कधी खेळले नाहीत. भारताकडून खेळलेले युवराज आणि देविंदर वाल्मिकी त्यांच्या हाताखालून तयार झाले आणि २०१९ मध्ये पटेलांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला.

आता खरं काम. संघात एक फार्मसीचा, दोघे इंजिनिअरिंगचे, गोलकीपर बीएमएसचा. प्रॅक्टिकल आणि इंटर्नल नेमके कॅम्पच्या दिवसांत. एचओडीच्या केबिनबाहेर परवानगीचं पत्र घेऊन उभं राहणं हेही कोचिंगच समजा. कॅम्प उरकला की वेस्ट झोन, म्हणजे पश्चिम विभागाची आंतरविद्यापीठ स्पर्धा. त्यात महाराष्ट्र, गोवा, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश. तिथल्या पहिल्या चारात आलात तरच ऑल इंडिया.

आणि तिथे मॅच टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर. आमची पोरं वर्षभर खडीमातीच्या मैदानावर खेळतात. बॉल उसळतो, म्हणून स्टिक उभी धरून थांबवायची सवय. पाणी मारलेल्या टर्फवर बॉल सरपटत येतो आणि उभ्या स्टिकखालून निघून जातो. तिथे स्टिक जवळजवळ आडवी टाकायची, गुडघे वाकवून, कंबर खाली. हे तोंडाने सांगून होत नाही. म्हणून स्लॉट मिळाला की चर्चगेटच्या महिंद्रा स्टेडियमवर नेतो. नेरूळहून हार्बरने सीएसएमटी, पुढे चालत. गोलकीपरचं किट लगेजच्या डब्यात, आणि त्यावर भाजीवाल्या मावशींचं बोलणं.

मी सगळ्यात जास्त वेळ पेनल्टी कॉर्नरला देतो. त्यात एक जण गोलच्या रेषेवरून बॉल ढकलतो (पुश), दुसरा थांबवतो, तिसरा गोलवर उडवतो (फ्लिक). मैदानी खेळात पंजाब-हरियाणाची मुलं आपल्याला पळवतात, पण कॉर्नरला समोर डिफेंडर फक्त पाच, गोलकीपर धरून. पुश सरळ आणि वेगात आला, स्टॉपरने बॉल डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या, बाहेर मेलेला थांबवला, तर साधा फ्लिकर चालतो. सगळ्यांना फ्लिकर व्हायचं असतं, पुश करायला कोणी तयार नसतो. मी आधी पुशर निवडतो. आमचा पुशर डिफेंडर म्हणून बेताचाच आहे, तरी संघात त्याचं नाव पक्कं.

स्वतः चांगलं खेळणाऱ्याला शिकवताना एक अडचण येतेच. आपला ट्रॅप, म्हणजे बॉल थांबवणं, कसा बसतो हे आपल्यालाच सांगता येत नाही, हात आपोआप जातो. मोबाइलवर स्वतःचा व्हिडिओ काढून बघा, पाय कधी वळतो, डावा हात कुठे असतो ते लिहून काढा. शिकवायला तेच लागतं.

बीपीएड संपायची वाट बघू नका. जवळच्या कॉलेजात हॉकीचा संघ असेल तर जिमखान्यात जाऊन सरांना भेटा, म्हणावं मानधन नको, फक्त कॉर्नरची बॅटरी, म्हणजे पुशर, स्टॉपर, फ्लिकर ही टोळी, माझ्याकडे द्या. सहसा नाही म्हणत नाहीत, कारण त्यांच्याकडे त्यासाठी माणूस नसतो.